दहा व्होल्ट

वायरमन काकांनी तिन्ही अँप्लिफायरची बटणं शेवटपर्यंत फिरवली आणि हात झटकले. "घे, झालं तुझं काम. सगळी फुल्ल."

रिकाम्या सभागृहात नळ उघडा राहिल्यासारखा सूंऽऽ आवाज भरला. मंचावरच्या लोखंडी खाटेवर धाकटी पाय सोडून बसली होती. नववा महिना लागला होता तिला. तो आवाज तिच्यापर्यंत पोचला नाही; लहानपणी तापात तिचे कान गेले, ते गेलेच. ती काकांची ऐट बघून हसत होती.

डॉक्टरबाईंनी तिला आडवं केलं आणि ठोके ऐकायच्या यंत्राची दांडी पोटावर टेकवली. त्या सूंमध्ये कुठंतरी काहीतरी किरकिरलं.

"हे नको गं बाई," त्या म्हणाल्या. "अर्ध्या तासात नर्सिंगची तीनशे मुलं येतील. त्यांना बाळाचा ठोका ऐकवायचाय, गिरणी नाही."

"बेस येतच नाहीये, ठोक्याचा तो खालचा जाडा आवाज," ताई म्हणाली. साउंड सिस्टिम तिची होती, आणि खाटेवरची धाकटी तिची सख्खी बहीण.

"बेससाठी एवढा दांडगा अँप्लिफायर भाड्यानं आणलास, आणि तोच मुका निघाला?" काका म्हणाले.

"मुका नाही. कानानं जड आहे."

तिनं स्पीकरच्या वायरी काढल्या, मिक्सरवरून एकसारखा एक सूर सोडला आणि मीटरच्या दोन पिना एकेका अँप्लिफायरच्या मागं धरल्या. पहिल्यावर वीस व्होल्ट. दुसऱ्यावर वीस. तिसऱ्यावर, त्या दांडग्यावर, दहा.

"बघा. सूर तोच, बटण तेवढंच. ह्या दोघांना कुजबुजलं तरी पुरतं. ह्याला ओरडून सांगावं लागतं."

"मग त्याचं बटण वाढव की."

"कुठवर? शेवटाला टेकलंय ते. आता बाकीच्यांनी खाली यायचं."

"चांगल्या दोघांना दाबायचं? एका बहिऱ्यासाठी?"

काका बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली. धाकटी ओठ वाचते, हे ते विसरले होते. धाकटीनं छताकडं बघितलं.

पहिलं बटण ताईनं केसाकेसानं मागं घेतलं. सोळा, बारा, अकरा, दहा. मग दुसरं. तिन्ही अँप्लिफायरवर दहा व्होल्ट झाले तेव्हा तिनं सूर थांबवला, वायरी पुन्हा जोडल्या आणि मिक्सरवरचा आवाज वर नेला.

सूं नाहीसा झाला.

"बंद पडलं?" काकांनी विचारलं.

"चालू आहे. तो सूं त्या दोघांच्या फुल्ल बटणांचा होता. आता कुठं नीट चालू आहे."

मग तिनं बेसच्या स्पीकरचा एक खोका ढकलत ढकलत खाटेपाशी नेला आणि लाकडी फळ्यांवर आडवा पाडून खाटेच्या पायाला भिडवला. काका म्हणाले, खोके लोकांकडं तोंड करून ठेवतात. ताई म्हणाली, दुसरा ठेवलाय तसा.

धाकटीनं तिची ओढणी ओढली. हातवारे झाले, भराभर, घरच्या खुणांचे. माझ्या पोटातलं सगळे ऐकणार. आणि मी त्यांची तोंडं बघत बसणार.

ताईनं तिचा हात फक्त दाबला. मांडलंय ते जमेल याची खात्री तिलाही नव्हती.

मुलं आली, खुर्च्या वाजल्या, कुजबुज झाली. डॉक्टरबाईंनी दांडी टेकवली, जरा सरकवली, आणखी जरा.

आणि ठोका आला. आधी दुरून आल्यासारखा, मग एकदम सगळीकडून. धावणारा, न दमणारा, मोठ्या माणसाच्या काळजाच्या दुप्पट वेगाचा. तीनशे मुलं जागच्या जागी थिजली. मागच्या रांगेतली एक मुलगी बसता बसता तशीच अर्धी उभी राहिली. काकांनी डोक्यावरची टोपी काढली. का काढली, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

धाकटी त्या चेहऱ्यांकडं बघत होती. मग तिच्या कपाळावर आठी पडली. तिनं तळहात खाटेच्या कठड्यावर ठेवला. उचलला. पुन्हा ठेवला. मान वळवून तिनं खाली आडव्या खोक्याकडं बोट केलं आणि ताईला खुणेनं विचारलं, मशीन हलतंय?

ताईनं मान हलवली. नाही. तिनं धाकटीच्या पोटाकडं बोट दाखवलं.

धाकटीला पटलं नाही. डॉक्टरबाईंना ते कळलं. त्यांनी दांडी पोटावरून उचलली.

कठड्यातला थरथराट थांबला. फळ्या थांबल्या. सभागृह थांबलं.

त्यांनी ती पुन्हा टेकवली. खालून, फळ्यांमधून, लोखंडातून, तळव्यातून तो परत वर चढला आणि धाकटीच्या कोपरापर्यंत गेला. तिनं दुसराही हात कठड्यावर ठेवला. मग गाल टेकवला. तिचे ओठ हलायला लागले, एक एक ठोका मोजत असल्यासारखे, पण तो इतका जोरात पळत होता की तिच्यानं मोजवेना.

परक्या माणसांत ती कधी तोंड उघडत नसे. आपला आवाज कसा निघतो, तो लोकांना कसा वाटतो, याची तिला लाज होती. आज ती मोठ्यानं, सगळ्यांदेखत, वेड्यावाकड्या स्वरात बोलली.

"ताई, हे माझं?"

ताईनं मान डोलावली. तिनं दोन्ही हातांनी मिक्सर घट्ट धरला होता.

पुढच्या रांगेत कुणीतरी हुंदका दिला असावा. खांदे हललेले धाकटीला दिसले. तिनं गाल कठड्यावरून न उचलता एक हात वर केला, ओठांवर बोट ठेवलं आणि त्या तीनशे जणांना गप्प राहायला सांगितलं.