चाळीस पट्ट्या

वासंतीबाई उंबऱ्यात चपला काढतात न काढतात तोच शेवंता धावत आली. "बाई, पोर बोलली! पेज अळणी झालीय म्हणाली!"

शेवंताची जुई अकरा वर्षांची झाली तरी जन्मात एक अक्षर बोलली नव्हती. जिल्ह्यातल्या अशा चाळीस मुलांना मनातलं बोलून दाखवणाऱ्या कपाळपट्ट्या मिळाल्या होत्या. प्रत्येक पट्टीला आपल्या मुलाचं मन ओळखायला तीन महिने लागत. पण पट्ट्या तयार झाल्या का याची तपासणी तोंडावर आली, तेव्हा घरोघर फिरून शिकवणाऱ्या वासंतीबाईंनी त्या मुलांपैकीच एका ईशानच्या तयार पट्टीची नक्कल उरलेल्या एकोणचाळीस पट्ट्यांत उतरवली. पुढे दिवाळीत ईशान वारला.

"बाई," जुईच्या पट्टीतून आवाज आला, "तुमची निळी छत्री अजून आमच्या खुंटीवरच आहे."

 छत्री ईशानच्या घरी राहिली होती, दोन तालुके पलीकडे. जुईने ती कधी पाहिलीच नव्हती.

"मला आई म्हणते, बाई." शेवंताचे डोळे भरून आले. "स्वतःचं नाव तेवढं चुकीचं सांगते. सुधारेल ना?"

वासंतीबाईंनी पट्टी काढायला हात पुढे केला.

"आई, त्यांना काढू देऊ नकोस," पट्टीतून आवाज आला.

शेवंता मध्ये आली आणि तिने बाईंचं मनगट घट्ट धरलं. "राहू द्या, बाई. लेकरू नको म्हणतंय ना!"

तिच्या पाठीमागे जुई भिंतीवर कपाळ घासत होती, पट्टी निघावी म्हणून.