बाईंना काय द्यायचं

शेवटच्या रविवारी पाचही म्हातारे वेळेआधी येऊन बसले, तेही अंघोळ करून, ठेवणीतले कपडे घालून. गावातलं चर्च म्हणजे बंद पडलेलं न्हाव्याचं दुकान. भिंतभर आरसा, फिरती खुर्ची आणि डोकं धुवायचं बेसिन काढायला अजून कुणाला सवड झाली नव्हती.

हिल्क्का फिनलंडहून धर्मप्रचाराला आली, त्याला अकरा वर्षं झाली. तिचं नाव इथे कुणाच्या जिभेवर बसलं नाही, म्हणून ती हिरुकाबाई. म्हातारे रविवारी स्टोव्हच्या उबेला येत, शाळेतली पोरं बुधवारी इंग्रजीला येत, आणि बाप्तिस्म्याचं विचारलं की सगळे ‘बघू’ म्हणत. आमच्याकडे बघू म्हणजे नाही. हे कळायलाच तिला चार वर्षं लागली. आता मिशनने इथलं काम बंद केलं होतं आणि मंगळवारी तिचं विमान होतं.

एकटी मिचिका कधी बघू म्हणाली नव्हती. सोळा वर्षांची, अकरावीतली. वर्षभर ती बाप्तिस्मा मागत होती आणि तिचे वडील संमतीच्या कागदावर, आमच्याकडे सहीऐवजी लागतो तो नावाचा शिक्का मारायला तयार नव्हते. काल तिने शिक्का मारलेला कागद आणून दिला. हिल्क्काला वाटलं, चला, अकरा वर्षांत एक. एक पुरे आहे. तिने आज सकाळी ते बेसिन दोनदा घासलं होतं.

प्रार्थना झाली तसे कुमाझो आजोबा गुडघ्यावर हात टेकून उठले. पूर्वीचे पोस्टमन, आता वाडीचे प्रमुख.

“बाई, पोरीच्या आधी आमचं उरका. वयाने आम्ही मोठे.”

“काय उरकू?”

“बाप्तिस्मा. आम्ही पाचही जण.”

हिल्क्काने खुर्चीची पाठ धरली. “कधी ठरवलंत हे?”

“गुरुवारी, वाडीच्या बैठकीत,” तात्सुए आजी म्हणाल्या. त्यांना शहाऐंशी पूर्ण झाली होती. “आधी मुळ्याचं लोणचं द्यायचं ठरलं होतं. पण विमानात वास सुटेल म्हणे.”

“मी म्हटलं, बाहुली देऊ,” त्यांच्या शेजारी बसलेल्या योशिनो आजी म्हणाल्या. “तर तुमच्याकडे दोन आहेत.”

“तासभर नुसती डोकेफोड,” कुमाझो म्हणाले. “शेवटी मीच म्हटलं, अरे, बाईंना काय द्यायचं हे काय कोडं आहे? अकरा वर्षं त्या बिचाऱ्या एकच गोष्ट मागतायत.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. कितीतरी वर्षांनी एखादं काम चोख झाल्यासारखे सगळे खुशीत होते.

“देवळातल्या भिक्षूंनाही विचारलंय हो,” तात्सुए आजी म्हणाल्या. “ते म्हणाले, द्या की, बाई चांगल्या आहेत. मीही आलो असतो, पण बरं दिसणार नाही.”

पाहुणा रिकाम्या हाताने गेला तर आमच्या गावाची मान खाली जाते. आणि दिलेली भेट परत करणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर दार लावणं. हे अकरा वर्षांनंतर हिल्क्काला कुणी समजावून सांगायला नको होतं. मग तिने पुस्तक उघडलं.

“येशूवर तुमचा विश्वास आहे का?”

“आहे, आहे,” पाचही जण एकदम म्हणाले. डॉक्टरांनी ‘गोळ्या घेता ना?’ असं विचारल्यावर म्हणतात, तसं.

कुमाझो खुर्चीत बसले, चष्मा काढून खिशात ठेवला आणि सवयीने डोकं मागे टाकलं. इथेच त्यांनी चाळीस वर्षं केस कापून घेतले होते. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने तीनदा पाणी पडलं.

“सावकाश बाई, कानात जातंय.”

मग योशिनो. मग बाकीचे दोघे. तात्सुए आजींनी बसण्याआधी विचारलं, “दर वर्षी घ्यावा लागतो का?”

“नाही. एकदाच.”

“मग बरं.”

ज्यासाठी ती इतक्या लांब आली होती ते एका सकाळी पाच वेळा झालं. तिला आनंद झाला नाही. राग येईल असं वाटलं होतं, तोही आला नाही. हात आपले चालत होते, तोंडातून शब्द बरोबर येत होते, आणि आत सगळं बधिर झालं होतं. मिचिका शेजारी उभी राहून एकेकाला टॉवेल देत होती.

पाचवा टॉवेल दिल्यावर हिल्क्काने बेसिन विसळलं. तिने मिचिकाकडे पाहिलं. आता कुठे तिच्या छातीत काहीतरी हललं.

“ये, मिचिका.”

मिचिका जागची हलली नाही. “नको, बाई.”

“अगं, वडिलांनी शिक्का दिला ना?”

“दिला.” ती आरशातच बघत होती. “बाबा म्हणाले, सगळी वाडी देतेय, मग आपल्या घरातून कुणी नको का? जा, तू दे.”

“तू त्यांचं ऐकून थोडीच आलीस?”

“मला द्यायचा नव्हता, बाई. मला घ्यायचा होता.”

कुमाझोंच्या कानात अजून पाणी होतं, त्यांना यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. पोर अडून उभी आहे एवढंच त्यांनी पाहिलं. ओल्या डोक्याने ते लगबगीने उठले आणि स्टोव्हकडे गेले.

“पाणी गार पडलं असेल हो,” ते म्हणाले. “थांबा, तिच्यासाठी गरम करून देतो.”