मोनिका येईस्तोवर

सगळं तयार होतं. फक्त तुळसा हात सोडत नव्हती.

अंगणात तेजरामला आंघोळ घालून, नवं धोतर नेसवून तिरडीवर निजवलं होतं. त्यांच्या घराण्यात माती द्यायची रीत. एकोडीच्या बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवर, जिथं त्याचे आईबाप निजले होते तिथंच, खड्डा खोदून झाला होता. सकाळी उन्हाळी धान कापता कापता तो बांधीतच आडवा झाला. ऑटोत घालून दवाखान्यात नेताना वाटेवरच्या एका डॉक्टरनं नाडी पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली आणि मान हलवली. ऑटो तसाच घराकडे वळला.

तुळसा तिरडीला लागून भुईवर बसली होती. पदर नाकापर्यंत ओढलेला आणि पदराखालून काढलेल्या दोन्ही हातांत नवऱ्याचा उजवा पंजा. ती रडत नव्हती. बोलतही नव्हती.

टेकचंद तिचा भासरा, म्हणजे तेजरामचा थोरला भाऊ. लग्न होऊन या घरात आल्यापासून तुळसा त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. काही सांगायचं असलं की जाऊ सुमित्राबाईच्या तोंडून. त्यानंही आजवर ती रीत मोडली नव्हती. आताही तो बायकोलाच म्हणाला,

"सांग तिले. उनाचे दिवस आहेत. मयत जास्त वेळ ठेवणं बरं नाही. अंग फुगते, वास सुटते. मंग पोरीले बापाचं तोंड पाह्यवत नाही."

सुमित्राबाई वाकली. "आयकलं ना वं? सोड आता हात. बांधाचं आहे त्यायले."

तुळसानं मान वर केली. ती जावेकडे पाहत नव्हती.

"मोनिका येईस्तोवर कोणी हात लावाचा नाही," ती थेट टेकचंदला म्हणाली.

टेकचंद मागे सरला आणि सपरीत जाऊन बसला. पोरीसाठी आईचा जीव अडकला असेल, तर थांबायला हवं, असं सगळ्यांनीच मनाशी म्हटलं.

मोनिका भंडाऱ्याहून आली तेव्हा उन्हं कलली होती. ती बापाच्या अंगावर पडून रडली. बायांनी तिला धरलं, पाणी पाजलं. मग सुमित्राबाईनं तुळसाच्या मुठीत बोटं घालून ती उकलायला घेतली. मूठ आणखी घट्ट झाली.

"थांबा," तुळसा म्हणाली. "अजून थोडं थांबा."

पोरगी तर आली होती. आता कशासाठी थांबायचं, ते कोणाला कळेना. भाऊकीतली माणसं एकमेकांची तोंडं पाहू लागली. बाईच्या डोक्यावर परिणाम झाला, असं कोणीतरी हळूच म्हणालं.

तेवढ्यात तुळसाच्या हातात काहीतरी हललं. आपलेच हात कापत असतील, असं तिला वाटलं. ती श्वास रोखून बसली. पुन्हा हललं. तेजरामची करंगळी तिच्या तळव्याला टेकली, सुटली, परत टेकली.

"मोनिका, पाह्य वं," ती इतक्या हळू म्हणाली की शेजारच्या बाईलाही ऐकू गेलं नाही.

मोनिकानं बापाच्या छातीला कान लावला. बराच वेळ ती तशीच होती. मग उठली आणि म्हणाली, "गाडी आणा."

भंडाऱ्याच्या दवाखान्यात त्याला सलाईन लावलं. साखरेच्या आजाराची गोळी घेऊन उपाशीपोटी उन्हात राबल्यामुळे रक्तातली साखर पार तळाला गेली होती, नाडी हाताला लागणंही कठीण झालं होतं, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं. मातीत घातलं असतं तर, एवढं बोलून त्या थांबल्या आणि दुसऱ्या पेशंटकडे गेल्या. बाहेर टेकचंद दुपट्ट्यात तोंड घालून रडत होता. तुळसा दिसताच तो उठून उभा राहिला. "बाई, तुह्या हातानं वाचला माहा भाऊ," तो तिला म्हणाला. मधे सुमित्राबाई नव्हती.

उकरलेला खड्डा रिकामा ठेवू नये म्हणून म्हाताऱ्यांनी त्यात नारळ ठेवून तो बुजवला. पण गोष्ट काही बुजली नाही. तुळसाला आतून समजलं होतं, असं सगळा गाव सांगू लागला. कोणी तिला सावित्री म्हणालं. आजूबाजूच्या गावांतल्या बाया नुसतं पाहायला म्हणून आल्या, आपल्या सुनांना तिच्या पाया पडायला लावू लागल्या. तुळसा घाईघाईनं चहा ठेवायला आत जाई आणि चहा होऊन गेला तरी चुलीपाशीच बसून राही.

धानाची मळणी उरकल्यावर दोघं तपासणीसाठी भंडाऱ्याला आली. सगळं ठीक निघालं. परतताना साकोलीच्या गाडीची वाट पाहत ती एसटी स्टँडवरच्या बाकावर बसली होती. तेजराम केळं सोलत होता. सोलता सोलता म्हणाला,

"एक इचारू का तुले? सारा गाव म्हणते का तुले समजलं होतं. मी जिता आहो, हे कसं काय समजलं तुले?"

तुळसानं आजूबाजूला पाहिलं. गावचं कोणी नव्हतं.

"काही नाही समजलं. मले तं तुमी गेलेच वाटले होते."

तेजरामचा केळ्याचा हात तसाच राहिला. "मंग? मोनिका आली तरी तू हात सोडला नाही म्हणते ना."

"मांडवात तुमचा हात माह्या हातात देला, तेवढाच," ती म्हणाली. "त्याच्यानंतर चारचौघात धराले कधी भेटलाच नाही. त्या दिवशी धरला, तं कोणी नावं नाही ठेवली. मंग सोडूच नाही वाटला."