स्टुलावरचा केक

केक पडला तेव्हा फारसा आवाज झाला नाही. ओली उशी पडावी तसा नुसता धप्प. घड्याळजींचं कोपर अजून हवेतच होतं.

स्टूल स्वयंपाकघराच्या दाराशी होतं. "इथे वारा लागतो, लवकर निवेल," असं बायको म्हणाली होती. जाताना बजावूनही गेली होती, "मी ताईंना स्टेशनवरून घेऊन येते. गाडीचा काही नेम नाही. तुम्ही केकच्या वाटेला जाऊ नका." घड्याळजी गेले नव्हते. ते पाणी प्यायला निघाले होते. केक मध्ये आला.

त्यांचा सारा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला होता. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरताना हात कधी हलला नाही. पण चिमटा ठेवून उभे राहिले, की त्याच हाताच्या टप्प्यातलं सगळं धोक्यात यायचं. त्या दारातून जाताना त्यांनी आजवर काय काय पाडलं, ते बायको पाहुण्यांना करमणूक म्हणून सांगायची.

आजचा दिवस करमणुकीचा नव्हता. त्यांची थोरली बहीण, ताई, कित्येक वर्षांनी घरी येत होती. नणंद-भावजयीचा अबोला होता. कशावरून, ते दोघींनाही आता धड आठवत नव्हतं, त्यामुळे मिटवणं जास्तच अवघड झालं होतं. भावजयीची एकच गोष्ट ताईने कधी काळी मान्य केली होती, ती म्हणजे पानगळीच्या दिवसांत ती करायची तो केक. वर साखरेची तांबडी, पिवळी, करडी पानं. गेले काही दिवस बायको पानंच करत बसली होती; ती डब्यात तयार होती, केक निवल्यावर लावायची. ताई परत आपली होणार की नाही, ते त्या केकवर ठरायचं होतं. आणि केक फरशीवर होता.

घड्याळजींनी तुकडे गोळा करून मागच्या अंगणात टाकले. गल्लीतला कुत्रा आला. हा कुत्रा एकदा त्यांची पॉलिशची चिंधीसुद्धा आवडीने खाऊन गेला होता. त्याने हुंगलं, जीभ लावली, घड्याळजींकडे एक नजर टाकली आणि चालता झाला. आता कुत्र्यालाही आपली लाज वाटायला लागली, असं त्यांच्या मनात आलं.

मग त्यांनी बाह्या सरसावल्या. दर वर्षी बायकोशेजारी बसून लोणी तेच फेसून द्यायचे. कृती ऐकून ऐकून पाठ होती. दैवही जरा बरं होतं, साखरेचा डबा गळ्यापर्यंत भरलेला निघाला. लोणी, साखर, अंडी, मैदा, दालचिनी, किसलेलं सफरचंद. ओव्हनसमोर ते हात पाठीमागे बांधून उभे राहिले, म्हणजे आणखी काही पडायला नको. केक छान फुगला. लबाडी पचणार असं दिसू लागलं, तसतसं त्यांचं मन त्यांना जास्तच खाऊ लागलं. केक त्यांनी होता तिथेच, स्टुलावर ठेवला.

दार उघडलं. बायको आत आली, स्टुलाकडे बघितलं आणि जागच्या जागी थिजली.

"केक... आहे?"

"आहे म्हणजे? असायलाच हवा," घड्याळजी म्हणाले.

"धक्का वगैरे नाही ना लागला?"

"कोण लावणार?"

"असा वेंधळा घरात असताना हे विचारावंच लागतं रे," मागून बॅग सावरत ताई म्हणाली. "आणा तो केक टेबलावर. मी त्याच्यासाठीच आलेय."

तिघं टेबलाशी बसली. बायकोने क्रीम फासलं. घड्याळजी चिमट्याने एकेक पान लावू लागले.

"ते तांबडं जरा तिरकं लाव," ताई म्हणाली. "पडलेलं वाटलं पाहिजे."

नवरा-बायको दोघंही दचकली.

"किती सुरेख दिसतोय," बायको हळूच म्हणाली. "कापायलाच हवा का, ताई? नुसता बघू या की."

घड्याळजींनी चिमटा खाली ठेवला. ओळखलं हिने. आपल्या हातचं काय आणि परक्या हातचं काय, हे बाईला कळल्याशिवाय राहतंय होय!

"मग काय भिंतीवर टांगतेस?" म्हणत ताईने स्वतःच सुरी घेतली.

बायकोने डोळे मिटून घेतले. ताईने घास घेतला. सावकाश चावला.

"वहिनी, मी इतकी वर्षं उगाच वाया घालवली गं. असा केक तूसुद्धा आधी कधी केला नव्हतास. आण अजून एक तुकडा."

बायको हुंदका देऊन ताईच्या गळ्यातच पडली. "ताई, तुमचं मन फार मोठं आहे हो!"

"अगं, दुसरा तुकडा मागायला मन कशाला लागतं? पोट लागतं!" ताई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, आणि डोळे तिचेही भरले.

घड्याळजींचा घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला. बायकोने स्वतः कणही घेतला नाही. "माझं पोट जरा बरं नाही," म्हणाली.

ताई आत आडवी झाल्यावर दोघं भांड्यांशी उभी राहिली. बायको विसळत होती, ते पुसत होते. म्हणजे काचेची सोडून बाकीची. त्यांना आता राहवेना.

"अगं, मला तुला एक सांगायचंय."

"आधी माझं ऐका," पाठमोरीच बायको म्हणाली. "मी साखरेऐवजी मीठ घातलं होतं. भांड्याला लागलेलं पीठ चाखलं तेव्हा कळलं, तोवर केक भाजून झाला होता. ताईंनी तो तसला केक हसत हसत खाल्ला, दोनदा, आणि तुम्हीही मुकाट्याने गिळलात. मी मुद्दाम दारात ठेवला होता तो, तुमच्या कोपराच्या उंचीवर! जन्मात एकदा तुमच्या वेंधळेपणावर भरवसा ठेवला, आणि नेमके आजच तुम्ही सांभाळून चाललात!"