जखमेची हाक

सोमवारी पोरीच्या आतड्याचा तुकडा कापायचा आणि पोटाला शौचाची पिशवी लावायची, कदाचित जन्मभरासाठी, असं डॉक्टर कीर्ती मॅडमनी आप्पासोला सांगितलं.

पोरगी एकोणीस वर्षांची. प्रांजल. तीन आठवडे झाले, मिरजेच्या दवाखान्यात पडून होती. आतड्याला आतून जखमा झाल्या होत्या आणि त्या काही केल्या भरत नव्हत्या. औषधं भारीतली, पोरगी तरणी, तरी जखमा जशाच्या तशा. मॅडमही चक्रावल्या होत्या.

आप्पासो आटपाडीकडचा मेंढपाळ. मेंढराचं पोट फुगलं, खूर सुजला, कोकरू आडलं, त्यानं उभ्या जन्मात कधी डॉक्टर बोलावला नाही. औषधांची पिशवी खांद्याला, सुई स्वतःच्या हातानं. असला गडी इथं खाटेशी हात बांधून बसला होता. पोरगी कळवळली की उठून दारापर्यंत जायचा आणि परत यायचा. दुसरं करणार काय, कपाळ!

दुखण्याची गोळी मॅडमनी पहिल्याच दिवशी बंद केली होती. ती पोटाला वाईट, थोडं सोसावं लागेल, म्हणाल्या होत्या. पोरीनं सोसलं असतं, बापाला सोसवेना. चौथ्या दिवशी त्यानं पिशवीत हात घातला. लंगडत्या मेंढराला द्यायची गोळी, तिचा पाव तुकडा, गुळाच्या खड्यात दाबून. सकाळी त्याची बायको हरणाबाई धुणं घेऊन खाली गेली की तो पोरीच्या तोंडात घालायचा. तासाभरात पोरगी निवांत झोपायची आणि मग त्याच्या घशाखाली चहा उतरायचा. बाहेरचं काही देता का, असं मॅडमनी दोनदा विचारलं. त्यानं दोन्ही वेळा न्हाई म्हणून सांगितलं. एवढी जनावरं बरी केली, पोरीला पाव तुकड्यानं काय व्हायचंय!

आज मॅडम स्टूल ओढून बसल्या आणि त्याला कळेल असं सांगू लागल्या. आतड्याच्या आतल्या अस्तरात मूळ पेशी असतात, नवं अस्तर त्याच तयार करतात. प्रांजलच्या पेशी धडधाकट आहेत. पण त्या आपल्या मनानं कामाला लागत नाहीत. जखमेच्या आजूबाजूचं मांस एक रस सोडतं, तो त्यांना हाक मारतो, इथं या, हे भरा. प्रांजलच्या पोटात ती हाकच उठत नाही.

"कशानं बंद पडती ती?" आप्पासोनं विचारलं.

"दुखण्याच्या गोळीनंसुद्धा पडते. ठणकाही त्याच रसानं वाढतो ना. गोळी रसच बंद करते. ठणका थांबतो आणि हाकही थांबते. म्हणून तर ती द्यायची नाही म्हटलं."

ज्या हातांनी दीडशे मेंढरं जगवली, त्याच हातांनी पोरीचं वाटोळं केलं होतं. त्यानं पिशवी पुढं ओढली, गोळ्यांची पट्टी काढून मॅडमच्या हातात दिली आणि मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. हरणाबाई पोरीच्या उशाशी उभी होती.

मॅडमनी पट्टी उलटसुलट करून वाचली. रागावल्या नाहीत, उलट कोड्यात पडल्या. पाव तुकडा, तोही सकाळी एकदाच. एवढ्यानं जखमा थोड्या रेंगाळतील, अशा साफ अडून बसणार नाहीत, असं त्या म्हणाल्या. अजून काही दिलंय का, हे त्यांनी पुन्हा विचारलं. आप्पासोनं पोरीची शपथ घेतली, दुसरं काही नाही.

हरणाबाईनं पदराची गाठ सोडली. तिच्या तळहातावर त्याच गोळीचा पांढरा तुकडा होता. ती मॅडमकडं न बघता नवऱ्याकडं बघत म्हणाली,

"आवं, सांजंला मी देत हुते. तुमाला पोरीची कळ दिसत न्हाई, असं वाटलं मला."