उघडे पडदे

स्कॉटलंडच्या सीमेवरील त्या गावात घरात कोणी वारले की भरदिवसा पडदे ओढून घेत. ते पाहून शेजारी सूप घेऊन दाराशी येत. एकट्या राहणाऱ्या इस्बेलबाई सलग दोन रविवार चर्चमधल्या चहाला आल्या नाहीत, तेव्हा नेटाने खिडकीतून समोरच्या त्यांच्या घराकडे पाहिले.

"जाऊन येऊ का?"

"कशाला? पडदे उघडेच आहेत की," तिचा नवरा आर्ची म्हणाला. "तुझ्या केकला नावं ठेवली ना, आता तोंड चुकवतेय म्हातारी."

नेटा हसली आणि घरीच राहिली.

गुरुवारी पोस्टमनने बोलावलेल्या पोलिसांनी दार फोडले. इस्बेलबाई जिन्याच्या पायथ्याशी होत्या. जाऊन दहा-बारा दिवस झाले होते. नेटाने आत जाऊन स्वतःच्या हातांनी पडदे ओढले.

तासाभरात सारी गल्ली सूप घेऊन दाराशी उभी होती.