नेवेन्काच्या नवऱ्याचं पान

वाढलेलं पान कुणी असं ओढतं का? आमच्या मुक्ताच्या होणाऱ्या आजेसासूने, नेवेन्काने, सर्वपित्रीला भर घरात ओढलं.

ही मंडळी क्रोएशियाची, आता आमच्यासारखीच इथे परदेशात, ओंगारला राहतात. नवरा लढाईत गेला, देहसुद्धा सापडला नाही, असं ती घरादाराला सांगत आलेली. तेव्हापासून अंगावर काळंच. मी म्हटलं, ज्याची तिथी माहीत नाही त्याच्यासाठीच तर ही अमावास्या. आमच्या गेलेल्या ह्यांच्या पानाशेजारी त्याचंही पान मांडलं, खीर-वड्यांसकट. "हे मेलेल्यांचं जेवण," असं मुक्ताच्या होणाऱ्या नवऱ्याने, लुकाने, आजीला समजावलं आणि हात जोडून उभा राहिला. आजोबांना पहिल्यांदा कुणी जेवू घालत होतं, पोराचे डोळे भरले.

मी पाणी सोडणार, तोच नेवेन्काने ताट ओढून छातीशी धरलं, खीर तिच्या काळ्या झग्यावर सांडली. "नो! ही नॉट डेड!"

मग रडत रडत सगळं बाहेर आलं. तो लढाई सोडून पळाला होता. ऑस्ट्रेलियात आहे, दर नाताळला हिला चोरून फोन करतो. पोरांनी बापाला पळपुटा म्हणू नये, म्हणून हिने त्याला मारून ठेवलं होतं.

लुकाने जोडलेले हात खाली घेतले. मी ताट काढून घेतलं आणि मुक्ताला म्हटलं, मी बोलते ते हिला शब्दन् शब्द सांग.

"रडतेस काय, नेवेन्का? खीर सांडलीच आहे, तर ते काळं आता उतरवच. आणि त्याला कळव, तुझं पान लग्नात मांडतेय, स्वतः येऊन जेव!"